जव्हारची पानगळ कोणत्या महिन्यात?

बालवाडीच्या भिंतीवर ऋतूंचा तक्ता टांगलेला तुम्ही पाहिला असेल. काही तक्त्यांवर पावसाळ्यानंतरच्या चौकोनात एक झाड काढलेले असते. त्याची पाने लाल, केशरी, पिवळी. बुंध्याशी पानांचा सडा. शेजारी लिहिलेले असते, 'शरद : पानगळ', आणि महिना ऑक्टोबर. हा तक्ता पाठ करणारे पाच वर्षांचे मूल जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचे असेल, तर त्याची पंचाईत होते. ऑक्टोबरात, म्हणजे आश्विनाच्या सुमारास, ते घराबाहेर येऊन पाहते तो डोंगर हिरवेगार! उतारावर नाचणी पिकत आलेली, भाताला लोंब्या आलेल्या. दसऱ्याला आपट्याची पाने तोडावीत तर तीही हिरवी. मग पानगळ कुठे आहे? मूल लहान आहे, ते तक्त्याशी भांडत नाही. पण आपल्या डोळ्यांना दिसते ते एक आणि शाळेत म्हणायचे ते दुसरे, अशी समजूत त्या वयात झाली तर ती पुढे दहावीपर्यंत पुरते.

तक्त्यावरचे चित्र खोटे नाही. ते दुसऱ्या मुलखातले आहे. इंग्लंड, कॅनडा, जपान अशा देशांत सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दिवस झपाट्याने लहान होऊ लागतात, थंडी वाढते, आणि मेपल, ओक यांसारखी झाडे रंग बदलून पाने टाकतात. त्या ऋतूच्या नावाचे भाषांतर आपल्याकडे 'शरद' असे झाले आणि नावाबरोबर पानगळही आश्विनात येऊन बसली. आपल्या सहा ऋतूंत पानगळ शिशिराची, म्हणजे माघ-फाल्गुनाची. जुन्या लोकांनी ऋतूंना नावे देताना निदान आजूबाजूची झाडे पाहिली होती.

आता खुद्द जव्हार-मोखाड्यात काय घडते ते पाहू. हे दोन तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. साग, ऐन, मोह, पळस, सावर, पांगारा, कोशिंब, टेंभुर्णी, हेद, आपटा, मध्येच आंबा, जांभूळ, उंबर आणि खाली करवंदाच्या जाळ्या, असे इथले पानझडी जंगल आहे.

या जंगलात साग थोडा फसवतो. पावसाळा सरता सरता काही वर्षी सागाची पाने तपकिरी होऊन वाळल्यासारखी दिसतात, आणि तक्त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला वाटते, झाली पानगळ सुरू! असे एक पान उजेडासमोर धरून पाहा. हिरवा मगज खाल्लेला आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी उरलेली दिसेल. हे काम एका छोट्या पतंगाच्या अळीचे आहे. सागाची खरी पानगळ त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येते.

खऱ्या पानगळीचाही एकच ठरावीक दिवस नसतो. सावर आणि पांगारा मार्गशीर्ष-पौषातच मोकळे होऊ लागतात. मग साग, पळस. त्यामागून ऐन, मोह. पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पाने टाकतो आणि थोड्याच दिवसांत नव्या तांबूस पानांनी चमकू लागतो. आंबा, जांभूळ कधीच उघडे पडत नाहीत; पण याचा अर्थ त्यांची पाने अमर असतात असा नाही. जांभळाखाली केव्हाही जा, काही वाळलेली पाने सापडतीलच. ही झाडे आपली पाने एकदम न टाकता थोडी थोडी बदलतात, इतकेच. तेव्हा 'पानगळ कोणत्या महिन्यात होते?' या प्रश्नाला इथे उलट प्रश्न विचारावा लागतो : 'कोणत्या झाडाची?'

राबाच्या ढिगातला पुरावा

पान आपोआप गळते की झाड ते टाकते? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. पण त्याचे उत्तर देणारा पुरावा जव्हारच्या शेतावर दर वर्षी रचून ठेवलेला असतो.

भात, नाचणी, वरी यांची रोपे तयार करण्यासाठी शेतात एक लहानशी जागा राखतात. तिच्यावर शेण, झाडाच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर देऊन उन्हाळ्यात तो जाळतात. यालाच राब म्हणतात. जमीन भाजून निघाल्याने तणाचे बी मरते आणि राखेतून पिकाला पालाश, स्फुरद मिळते. (नत्राचा बराच भाग मात्र धुराबरोबर हवेत जातो.) राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या झाड पानांनी भरलेले असतानाच छाटतात आणि भारे बांधून वाळत ठेवतात.

आता फाल्गुनात शेताच्या बांधावर उभे राहून दोन गोष्टी शेजारी शेजारी पाहा. एकीकडे रानातला उभा ऐन पाने टाकून मोकळा होऊ लागला आहे. दुसरीकडे त्याच ऐनाची छाटलेली, केव्हाच मेलेली फांदी राबाच्या भाऱ्यात आहे आणि तिची पाने वाळून कडकडीत झाली तरी देठाला घट्ट धरून आहेत! ओढली तर पान फाटते, चुरा होतो, पण देठापाशी सहज सुटत नाही. पाने नुसती वाळण्यामुळे गळत असती तर भाऱ्यातली पाने सगळ्यांत आधी गळायला हवी होती. याचा अर्थ असा की, पान टाकणे हे जिवंत झाडाचे काम आहे. मेलेल्या फांदीला ते जमत नाही. राबाचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या आईमागे चालणाऱ्या मुलाने हे रोज पाहिलेले असते. त्याला ते कोणी विचारलेले मात्र नसते.

झाड हे काम कसे करते? देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे लहान लहान पेशींचा एक पातळ पट्टा असतो. पान तरुण आहे तोवर त्याच्या पात्यातून ऑक्झिन नावाचे द्रव्य थोडे थोडे देठाकडे येत राहते आणि पट्ट्यातल्या पेशी शांत असतात. पान म्हातारे झाले किंवा पाण्याची ओढ लागली की ऑक्झिन आटते आणि इथिलीन नावाच्या वायूचा अंमल सुरू होतो. मग त्या पेशी अशी विकरे तयार करतात की, पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळू लागतो. पट्टा सैल होतो. वाऱ्याची झुळूक आली की पान खाली! फांदीच्या बाजूला बुचासारखा थर धरतो, त्यामुळे जखम उघडी राहत नाही. हा बुजलेला वण पाहायचा असेल तर देवळापुढच्या चाफ्याची जाड फांदी पाहा. पानांचे जुने वण तिच्यावर ओळीने उमटलेले दिसतील.

इथिलीनची हकिकत मोठी मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या वायूवर जळत. ज्या ठिकाणी वायूची नळी गळकी असे तिथली झाडे अवेळी पाने टाकीत, हे लोकांच्या ध्यानात आले होते. पण कारण कळत नव्हते. १९०१ साली रशियात द्मित्री नेल्युबोव या तरुण शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपे वाकडीतिकडी का वाढतात याचा शोध घेताना, दिव्याच्या वायूतला इथिलीन हा घटक याच्या मुळाशी आहे असे दाखवले. पुढे १९३४ साली गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन सोडतात हे सिद्ध केले. तुमच्या घरी आंब्याची आढी घालतात तेव्हा पेंढ्यात कोंडला जाऊन एका आंब्यामागून दुसऱ्याला पिकवणारा वायू तो हाच.

हे सारे खरे की नाही हे पाहण्यासाठी जास्वंदीच्या फांदीवरच्या चार-पाच निरोगी पानांचे पाते कात्रीने कापून टाका आणि देठ तसेच ठेवा. शेजारच्या तितक्याच पानांना खुणेचा दोरा बांधून ती अखंड राहू द्या. रोज पाहणी करा. पाते गेलेले देठ काही दिवसांत पिवळे पडून आपोआप गळतील, कारण ऑक्झिन पाठवणारे पातेच उरलेले नाही. किती दिवस लागले ते वहीत मांडा.

पान टाकण्यापूर्वी झाड आणखी एक काम उरकते. पानातल्या नत्र आणि स्फुरदापैकी साधारण निम्मा वाटा ते फांदीत परत ओढून घेते. याच काळात हरितद्रव्य मोडते आणि त्याच्याखाली झाकलेली पिवळी द्रव्ये, कॅरोटिनॉइडे, उघडी पडतात. म्हणून गळते पान पिवळे दिसते. राबासाठी हिरवी फांदी तोडली जाते तेव्हा हा ऐवज झाडाला परत मिळत नाही. दर वर्षी छाटला जाणारा ऐन खुरटा का राहतो याचे हेही एक कारण आहे. अर्थात, ज्याच्याकडे डोंगरउताराची दोन-चार गुंठे जमीन आहे त्याला खताच्या दुसऱ्या कोणत्या सोयी आहेत, हाही प्रश्न विचारायला हवा. झाडाची बाजू घेताना तो विसरणे बरे नव्हे.

थंडी नव्हे, पाणी

इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची ओढ कशी, असे तुम्हांला वाटेल. इथला खडक काळा बेसाल्ट आहे आणि उतारावर मातीचा थर पातळ आहे. चार महिन्यांचे पाणी ओढ्यांतून, नद्यांतून निघून जाते. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. माणसांची ही तऱ्हा, तर जागचे न हलणाऱ्या झाडाची काय असेल?

पान म्हणजे पाणी बाहेर जाण्याची वाट. झाडावरच्या पानांच्या एका डहाळीला सकाळी प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घट्ट बांधा आणि दुपारी पाहा. आतून थेंब जमलेले दिसतील. सागाचे पान हातभर लांब. अशी शेकडो पाने उन्हाळाभर पाणी उडवीत राहिली तर मुळांना पुरवठा करता येणार नाही. म्हणून पाने टाकायची. युरोपातल्या झाडाला लहान होत जाणारा दिवस आणि थंडी इशारा देतात. इथल्या झाडाच्या पायाखालची ओल संपत येते. म्हणूनच ओढ्याच्या काठचे झाड आणि माळावरचे त्याच जातीचे झाड यांच्या पानगळीत काही दिवसांचे अंतर पडू शकते. ते तुमच्या गावात पडते का, हे तुम्हीच मोजून पाहू शकता.

आता एक कोडे. पाणी वाचवण्यासाठी पाने टाकली हे समजले. मग कोशिंबाला मार्चमध्ये, उन्हे तापत असताना, लालभडक नवी पालवी येते ती कशी? मोहाला तांबूस पाने फुटतात, पळस उन्हाळ्यातच पुन्हा हिरवा होतो. पाऊस तर अजून दोन-तीन महिने दूर! एलियट, बेकर आणि बोर्चर्ट या तीन शास्त्रज्ञांनी आशियातील मोसमी जंगलांच्या या कोड्यावर २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : जुनी पाने गेल्यावर पाण्याची गळती थांबते, खोल गेलेली मुळे खालच्या थरातले पाणी ओढतात, खोड पुन्हा ओलावते आणि वाढत जाणारा दिवस कळ्यांना जागे करतो. पाऊस पडेल तेव्हा नवी पाने काम करायला तयार असतात. सगळ्याच झाडांना हे साधत नाही. साग वळवाच्या सरी येईपर्यंत बहुधा उघडाच असतो.

नव्या पालवीचा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो. कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून आणि खाणाऱ्या किड्यांपासून रक्षण करण्यास ते उपयोगी पडत असावे, असे मानतात. म्हणजे परदेशी तक्त्यात लाल पान हे मावळते पान आहे, तर आपल्या रानात लाल पान बहुतेक वेळा नुकते जन्मलेले असते. शाळेच्या आवारात लावलेला देशी बदाम हा अपवाद. त्याची पाने गळण्यापूर्वी लाल होतात.

पाच वर्षांच्या मुलाला काय दाखवाल?

शिक्षक मित्रहो, हा भाग विशेषतः तुमच्यासाठी. आणि ज्यांची धाकटी भावंडे अंगणवाडीत जातात त्या विद्यार्थ्यांसाठीही.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे काम फार पूर्वी करून दाखवले आहे. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ साली कोसबाडला गेले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती. त्यांच्या जागी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले आले. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, मोजणे, जुळवणे हे सारे पानांवर शिकवता येते आणि पाने संपली तर आणखी आणायला मुले एका पायावर तयार असतात.

पळसापासून सुरुवात करा. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण खरोखर ती तीन पाने आहेत की एक? मुलांना देठाचा बुडखा फांदीला जिथे लागतो ती बगल दाखवा. तिथे एक बारीक कळी बसलेली असते. पानाच्या बगलेत कळी असते, हा नियम. आता तीन तुकड्यांपैकी प्रत्येकाच्या बुडाशी तशी कळी शोधायला सांगा. सापडणार नाही. म्हणजे ते तीन मिळून एकच पान आणि तुकडे म्हणजे त्याच्या पर्णिका. बेल, पांगारा यांचेही तसेच. सावरीच्या एका पानात पाच ते सात पर्णिका बोटांसारख्या पसरतात. आपट्याचे पान मात्र दोन पाने जोडल्यासारखे दिसत असले तरी एकसंध असते. त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी बाउहिनिया हे नाव दिले ते दोघा बाउहिन बंधूंच्या स्मरणार्थ. जुळ्या पाळ्यांच्या पानाला दोन भावांचे नाव!

पौष-माघात उघडी सावर पाहून लहान मूल हमखास विचारते, 'झाड मेलं?' लगेच 'नाही' म्हणू नका. बारीक डहाळीची साल नखाने किंचित खरवडू द्या. खाली हिरवे दिसले की मूलच उत्तर देते. मग शेजारची खरोखर वाळलेली काटकी खरवडायला द्या.

पानांची नावे मुलांच्या तोंडची घ्या. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर या घरांत एकाच झाडाला वेगवेगळी नावे असू शकतात. ती सगळी फळ्यावर लिहा. पुस्तकातले नाव त्या यादीच्या शेवटी आले तरी चालेल.

इथे एक अडचण आहे. दिवाळी झाली, भात-नाचणी घरात आली की या दोन तालुक्यांतून असंख्य कुटुंबे वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बरोबर लहान मुले असतात. म्हणजे रानातली पानगळ जेव्हा ऐन भरात असते तेव्हा वर्गातले काही कोपरे रिकामे असतात. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या याच मुलांसाठी.

अशा मुलाला जाताना एक झाड नेमून द्यावे. पिंपळ सर्वांत सोयीचा, कारण तो जव्हारला आहे आणि भट्टीच्या वाटेवरही असतो. त्याने दोनच गोष्टी पाहायच्या : शेवटचे जुने पान कधी पडले आणि पहिले तांबडे पान कधी दिसले. लिहिता येत नसेल तर घरच्या मोठ्या माणसाला तारीख विचारून दोऱ्याला गाठ मारायची. गावी राहिलेल्या मुलांनी इथल्या पिंपळाची नोंद ठेवायची. किनाऱ्याजवळचा सखल वसई आणि साडेचारशे मीटर उंचीवरचे जव्हार यांत किती दिवसांचा फरक पडतो, हे दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून दिसू लागेल; आणि ही तुलना करण्याजोगी माहिती वर्गात फक्त बाहेरगावी जाऊन आलेल्या मुलाकडेच असेल.

ती मुले परततात तेव्हा वळवाच्या सरी येऊन गेलेल्या असतात आणि सागाला नवी पाने फुटत असतात. त्यातले अगदी कोवळे पान घेऊन दोन्ही तळहातांत जोराने चोळायला सांगा. हात कुंकवासारखे लाल होतात.